मुन्नारचा घाट बंद झाला त्या दिवशी आम्ही कोचीत

बडोदेकरीण :

दिवाळीच्या सुट्टीत केरळला जाऊन आलो. मी, नवरा, नववीतली लेक आणि माझी आई, वय ७१. बडोद्याला ओखा-एर्नाकुलम गाडी धरली आणि कोकणातून खाली उतरत गेलो. एर्नाकुलमला फक्त रात्रीपुरतं टेकायचं आणि सकाळी सातला मुन्नारला निघायचं, असा बेत होता. कोचीसाठी आमच्या कागदावर एक ओळही नव्हती.

पावणेसातला गाडीवाल्याचा फोन आला. रात्रभर पाऊस होता, घाटात दरड आलीय, आज गाडी निघणार नाही. आगाऊ दिलेल्या पैशांतले अर्धेच नंतर परत आले. त्या प्रकरणात मी इथे शिरत नाही, सांगायचं आहे ते त्या दिवसाबद्दल.

खाली नाश्त्याला पुट्टू आणि कडला होतं. तांदळाची जाडसर पिठी आणि ओलं खोबरं नळीत थराथराने भरून वाफवलेलं ते पुट्टू, आणि कडला म्हणजे काळ्या हरभऱ्यांची दाट आमटी. सोबत पिकलं केळं. आईने केळं कुस्करून पुट्टूत कालवलं, तसा वाढणारा मुलगा एकदम खूश झाला. तसंच खातात म्हणे. त्यालाच विचारलं, आज कुठे जाऊ? तो म्हणाला, "जेट्टी. बोट. फोर्ट कोची."

रिक्षाने जेट्टीवर गेलो. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी तिथून सुटतात, तिकीट अगदी किरकोळ. कामाला निघालेली माणसं, शाळेची पोरं, डबे, छत्र्या. बडोद्यात आपण सिटी बसमध्ये बसतो तितक्या सहज ही मंडळी बोटीत बसतात. आईला चढताना खलाशाने हात दिला, पुढे तिला खिडकीची जागा मिळाली. पाण्यावर जलपर्णीचे हिरवे गालिचे वाहत होते, एका बाजूला मोठाली जहाजं आणि क्रेन. वीसेक मिनिटांत पलीकडे. आई म्हणाली, इथेच बसून परत जाऊ या का? तिला तो प्रवासच इतका आवडला होता.

चिनी जाळी फोटोत सगळ्यांनीच पाहिलेली असतात. मलाही वाटायचं, पाहण्यासारखं असं त्यात काय असेल? आम्ही तिथे सव्वा तास उभे होतो. काठावर दहा-एक मीटर उंचीचा लाकडी सांगाडा, पुढच्या टोकाला चार बाकदार काठ्यांवर ताणलेलं जाळं आणि मागच्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे मोठे धोंडे. सगळं इतकं तोलून बसवलेलं की एक माणूस मधल्या वाशावरून पुढे चालत गेला तरी त्याच्या भाराने जाळं पाण्यात उतरतं. वर काढायला मात्र चार-पाच जण लागतात. दोर ओढत जातात तसे धोंडे एकामागोमाग एक फळ्यांवर येऊन टेकतात, कारण प्रत्येकाचा दोर वेगळ्या लांबीचा. जाळं जसं वर येईल तसा मागचा भार कमी होत जातो आणि तोल कुठेच ढळत नाही. आईने बघताक्षणी ओळखलं. "अगं, ही तर विहिरीवरची लाट!" तिचं आजोळ रत्नागिरीकडचं. तिथे पाणी काढायला अशीच तुळई असायची, एका टोकाला दगड बांधलेली.

जाळ्यात मासे फार आले नाहीत. मूठ-दोन मूठ, आणि एक खेकडा. तिथल्या मोठ्या वयाच्या कोळ्याने लेकीला दोर ओढायला दिला. मल्याळममध्ये याला चीनवला म्हणतात, हे त्यानेच सांगितलं. हौसेने दोर ओढलात तर त्यांना पैसे द्यावेत. आम्ही दिले. मासळीवर त्यांचं आता भागत नाही, हे एक जाळं वर आलेलं पाहिलं की कळतं.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पायी पाच-सात मिनिटांवर आहे. १५०३ साली आधी लाकडी बांधलं, मग दगडी झालं. १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वास्को द गामा कोचीत वारला आणि इथेच पुरला गेला, काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा कठडा लावून राखलीय. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात तो "आला" एवढंच आहे. इथे ती त्या दगडाशी बराच वेळ उभी होती. आई वर बघत होती. छतापासून लोंबणारे कापडी पंखे तिथे अजून आहेत, बाहेर बसलेला माणूस दोरी ओढून हलवायचा ते.

मग रिक्षाने मट्टनचेरी. ज्यू टाऊनच्या गल्लीत सुंठ, मिरी, वेलची यांचा वास रिक्षातूनच येऊ लागतो. गल्लीच्या टोकाला परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं. तो शुक्रवार होता, दुपारनंतर ते बंद होणार होतं, आम्ही वेळेत पोचलो हे नशीबच. चपला बाहेर काढून आत गेलो तर पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हाताने रंगवलेल्या. एकसारख्या दोन सापडत नाहीत म्हणतात. लेक आणि तिचे बाबा वाकून वाकून शोधत राहिले.

पण शुक्रवारचा फटका पुढे बसला. शेजारचा मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. आतली रामायणाची भित्तिचित्रं बघायची मला फार इच्छा होती. दाराशी जाऊन परत फिरले आणि खरंच वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

त्या दाराशी उभे असतानाच माझा नवरा रिक्षावाल्याशी बोलत होता. तुम्ही कुठले, असं त्याने विचारलं. "गुजरात" म्हटल्यावर त्याने दुसरं काही न विचारता आम्हाला गुजराती रोडवर नेऊन सोडलं! हो, मट्टनचेरीत गुजराती रोड आहे. गुजराती शाळा आहे, जैन देरासर आहे, तिथे दुपारी कबुतरांना दाणे घालतात तेव्हा आख्खं आंगण राखाडी होतं. एका दुकानात आईने सहज "केम छो" म्हटलं. पलीकडून अस्सल काठियावाडी वळणाचं उत्तर आलं आणि पाठोपाठ नोकराला मल्याळममध्ये ऑर्डर गेली. त्यांच्या कितव्या पिढीचा जन्म इथलाच, कच्छ-सौराष्ट्रातून व्यापारासाठी आलेले. आम्ही बडोद्याचे पण घरी मराठी बोलणारे, हे ऐकून त्या भाईंनीच सांगितलं की मग चेरलाईला जा, तिथे तुमच्या भाषेजवळची भाषा ऐकू येईल.

चेरलाई म्हणजे कोचीच्या कोकणी लोकांची वस्ती. तिथे तिरुमला देवस्वम, व्यंकटेशाचं मोठं देऊळ. आम्ही गेलो तेव्हा ते दुपारचं बंद झालं होतं. बाहेरच्या पायरीवर आई टेकली. शेजारून एक आजी जात होत्या. आईकडे पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "जेवण जालें?"

एर्नाकुलमला उतरल्यापासून आई सगळ्यांशी हातवाऱ्यांनी बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. पुढची पंचवीस मिनिटं ती मराठीत बोलत होती आणि त्या कोकणीत. मधे कोणी दुभाषा नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्याहून निघालेल्या घराण्यांतल्या त्या. चारशेहून जास्त वर्षं मल्याळी मुलखात, आणि घरात अजून तीच भाषा. आमचे पणजोबा सयाजीरावांच्या काळात कारकुनीसाठी बडोद्याला आले. एवढ्या काळातच आमच्या घरातली धाकटी पिढी मराठी वाचत नाही. माझी लेक त्या दोघींच्या मधे बसून हे सगळं ऐकत होती. मी तिला काही म्हटलं नाही.

नंतर जेवलो, लालसर मट्टा तांदळाचा भात, अवियल, पापड, आणि प्यायला गुलाबी रंगाचं गरम पाणी. पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळतात. तीन वाजता फोर्ट कोचीतल्या वेळी नावाच्या भागातल्या धोबीखान्यात गेलो. डच काळात तमिळ मुलखातून आणलेल्या वण्णार लोकांचे वंशज तिथे अजून हाताने धुणी धुतात. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन दोर एकमेकांत पिळलेले असतात, त्या पिळात कापडाचं टोक खोचायचं, की वाऱ्याने काही सुटत नाही. पांढऱ्या चादरींच्या रांगाच रांगा. तेवढ्यात ढग आले आणि सगळे धावले. आम्हीही चादरी काढायला हात लावला. मग जो पाऊस पडला, तो टपरीत पळमपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, खात पाहिला.

संध्याकाळच्या बोटीने परत. दुसऱ्या दिवशी घाट सुरू झाला, मुन्नारलाही गेलो. चहाचे मळे सुंदर आहेत. पण बडोद्याला परतल्यावर शेजारी-पाजारी आई सांगते ते कोचीबद्दल. माझी कळकळीची विनंती एवढीच, केरळला जाताना कोचीला नुसतं उतरण्याचं ठिकाण समजू नका. एक दिवस द्या, आणि तो मोकळा ठेवा.

रावपुरा_नाका :

फार छान लिहिलंय ताई. चेरलाईचा भाग दोनदा वाचला.

पण एक गोष्ट पटली नाही. मोकळा दिवस ठेवा हे ठीक, पण आई-वडील बरोबर असताना कुठलं ठिकाण कोणत्या वारी बंद असतं एवढं तरी आदल्या रात्री बघायलाच हवं. राजवाड्याची चित्रं हुकली ती हुकलीच. बडोद्याहून कोची काही पुन्हा पुन्हा होत नाही. मी मागे वडिलांना घेऊन असाच एका गावी बिनबेताचा फिरलो, दुपारभर उन्हात एकही जागा उघडी मिळाली नाही आणि संध्याकाळी त्यांना ताप भरला. तेव्हापासून मी कागद करतोच.

बडोदेकरीण :

रावपुरा_नाका, वारांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. धागा वाचणाऱ्यांनी लिहूनच घ्या, राजवाडा शुक्रवारी बंद आणि सिनेगॉग शनिवारी बंद. म्हणजे दोन्ही बघायचं तर हे दोन वार टाळा. पण राजवाडा उघडा असता तर आम्ही दुपार तिथेच काढली असती आणि आई त्या पायरीवर बसली नसती. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी आहेत, त्यांची वजाबाकी मला करता येत नाही.

तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आम्ही दर तासाला कुठेतरी बसत होतो. बोटीत, चर्चच्या बाकावर, झाडाखाली. म्हणून आईचे गुडघे टिकले.

निळीशाई :

चेरलाईला गेलात तर ही गोष्ट ठाऊक हवीच. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने इथल्या वनस्पतींवर "हॉर्टस मलबारिकस" नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. सातशेहून जास्त वनस्पती, पानभर चित्रांसह. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि त्यांच्याबरोबर तीन कोकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. कोचीचेच.

आता खरी गोष्ट पुढे आहे. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय. ते कोकणीत आणि नागरी लिपीत आहे, १६७५ सालचं. आपली अक्षरं ॲम्स्टरडॅममध्ये छापली गेली तेव्हा इकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम चार वर्षं झाली होती. मी त्या पानाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मांडवी_४ :

लेख सुंदर. फक्त एक विनंती, "तुमच्या भाषेजवळची" इथपर्यंत ठीक आहे, पण वाचताना काही जण कोकणीला मराठीची बोली समजून पुढे जातील. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही आहे. माझ्या आईचं माहेर कारवारचं, म्हणून हे मनाला लागतं.

बडोदेकरीण :

मांडवी_४, तुमचं म्हणणं मान्य आणि मनापासून. दोन वेगळ्या भाषांच्या बायका एकमेकींना समजत होत्या, तेच तर इतकं मोलाचं होतं. एकच भाषा असती तर त्यात काय विशेष?

निळीशाई, हे त्या दिवशी माहीत असतं तर! लेकीला आत्ता वाचून दाखवलं. तिने स्वतः त्या पानाचं चित्र शोधून काढलं आणि एक एक अक्षर लावत बसलीय.

माईकाकू :

माझे यजमान नौदलात होते. त्यामुळे कोचीत आमचं साडेतीन वर्षं वास्तव्य झालं, लग्नानंतरचं पहिलं घर तिथलं. बडोदेकरीण, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुम्हाला लागला तो तुलावर्षम. आपल्याकडे पाऊस परत गेला की गेला. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा येतो, ईशान्येकडून. सकाळ स्वच्छ, दुपारी तीन-चारला ढग, मग विजा आणि धो धो. म्हणून दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी बोट, जाळी, पायी फिरणं सगळं सकाळी उरकावं आणि दुपारनंतर डोक्यावर छप्पर असेल असं बघावं. विजा चमकत असताना किनाऱ्यावर थांबू नये, हे मी काळजीने सांगते आहे.

माझ्या शेजारी कोकणी घर होतं. पहिल्या बाळंतपणात आई वेळेवर पोचू शकली नाही, तेव्हा डिंक-मेथीचं सगळं त्या माऊलीने केलं. मी बडोद्याची मराठी, ती चेरलाईची कोकणी. तुझ्या आईला जे वाटलं ते मला अगदी नीट कळलं गं.

भटका :

प्रवासाची थोडी भर. जुन्या बोटींशिवाय आता वॉटर मेट्रो आहे, एप्रिल २०२३ पासून. वातानुकूलित, बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला जातात. धक्का आणि बोट जवळजवळ एका पातळीत राहतात, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना किंवा चाकांची खुर्ची असेल तर हीच घ्या. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते. जाताना मेट्रो आणि येताना जुनी लाकडी बाकांची बोट, असं मी करतो.

बोटीतून दिसणारं विलिंग्डन बेट हे माणसाने केलेलं आहे. १९२० च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंदर खोल करायला गाळ उपसला, त्याच्या भरावावर ते उभं राहिलं. आणि मुळात हे बंदरच १३४१ च्या पेरियारच्या पुरानंतर घडलं असं मानतात. जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजलं आणि व्यापार कोचीकडे सरकला.

चित्रवेडा :

बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकलेला प्रत्येक जण कोचीला गेला की घरी आल्यासारखा वागतो. आमचे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन मूळचे केरळचे, पण काम आणि आयुष्याचा मोठा भाग बडोद्यात, शेवटचा श्वासही इथलाच. कोचीत दर दोन वर्षांनी बिनाले, म्हणजे कलेचं मोठं प्रदर्शन, भरतं, पहिलं १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं. २०१८ च्या बिनालेच्या क्युरेटर अनिता दुबे बडोद्यालाच शिकलेल्या. समुद्राकाठच्या जुन्या वखारींत चित्रं आणि शिल्पं मांडतात, मसाल्याचा वास भिंतींत मुरलेला असतो.

राजवाडा हुकल्याचं दुःख समजू शकतो. ती भित्तिचित्रं गेरू, हिरवा, पिवळा अशा मातीच्या रंगांतली, आणि माणसांचे डोळे असे की खोलीभर पाठलाग करतात. पण ताई, केरळचा हात बडोद्यातही बघता येतो. रविवर्मा केरळचे, आणि सयाजीरावांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रं करवून घेतली ती आपल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात आहेत. लेकीला एका रविवारी घेऊन जा.

रावपुरा_नाका :

चित्रवेडा, याला जोडून. त्या काळातले आपले दिवाण सर टी. माधवराव हे बडोद्याला येण्याआधी त्रावणकोरचे दिवाण होते. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, जन्म कुंभकोणमचा. १८७५ ते १८८२ बडोद्यात होते. तमिळ मुलखात वाढलेला मराठी माणूस, मल्याळी संस्थानात दिवाण, मग गुजरातेत. ताईंचा धागा वाचताना आज पहिल्यांदा त्यांच्या घरात कोणती भाषा बोलत असतील याचा विचार केला.

आणि हो, माझा हट्ट थोडा सोडतोय. मे महिन्यात आईला घेऊन जाईन म्हणतो. वारांचा कागद करीन, पण एक दुपार कोरी ठेवीन.

भटका :

मे नको! उकाडा आणि घाम आईंना झेपणार नाही. जानेवारी-फेब्रुवारी बघा. ३१ डिसेंबरही टाळा. त्या रात्री फोर्ट कोचीत पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भला मोठा पुतळा जाळतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण गर्दीत वयस्कर माणसाला नेऊ नये. बोटींनाही रांगा लागतात.

सुरसागर_काठ :

उशिरा वाचला धागा. सगळं आवडलं, पण मला एकच विचारायचंय. आई आणि त्या आजी पंचवीस मिनिटं काय बोलत होत्या?

बडोदेकरीण :

सुरसागर_काठ, मीही आईला बोटीत हेच विचारलं. सगळ्यात आधी जेवणाचं. मग किती मुलं, कुठे असतात. आजींचा एक मुलगा आखातात आहे, वर्षातून एकदा येतो. मग गुडघ्यांचं, दोघींनीही आपापली तेलं सांगितली. मग आईने विचारलं की तुमच्याकडे तांदळाच्या पिठाचं काय काय करता, आणि आजींनी बोटांवर मोजून नावं सांगितली, त्यातली निम्मी आईच्या आजीच्या घरची निघाली. निघताना आजींनी आईला अबोलीचा गजरा दिला. देवळातून आणलेला होता, केळीच्या पानात गुंडाळलेला. आईने तो मुन्नारला नेला, तिथून बडोद्यापर्यंत आणला. आता देवघरात आहे, पार वाळलाय.

माईकाकू, तुमचा नमस्कार सांगितला. आई विचारते आहे, तुम्ही बडोद्यात कुठे राहता? तिला यायचंय.

माईकाकू :

दांडियाबाजार, लकडी पुलाच्या अलीकडे. कधीही या, सकाळी दहानंतर मी घरीच असते. येताना नातीलाही आण.